चित्र जातं कुठे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात गच्चीवर झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मला विषय दिला होता ‘जुन्या टीव्हीच्या आठवणी’. आठवणी सांगणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत आणि ती माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. मी छत्तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. तेव्हा मी दुरुस्तीबद्दलच बोलणार. त्यातही एकाच दुखण्याबद्दल. चित्र येतं, जातं, पुन्हा येतं, आणि मेकॅनिक दारात उभा राहिला की हमखास येतं.

शाळेच्या वेळेला मुलाच्या पोटात दुखतं. आई घाबरून दवाखान्यात नेते. डॉक्टरांच्या पायरीवर पोट एकदम बरं. हे दुखणं तसलं. पूर्ण बंद पडलेला टीव्ही मेकॅनिकला आवडतो, कारण तो खोटं बोलत नाही. बसतो मुकाट्याने टेबलावर आणि म्हणतो, शोध. अधूनमधून बिघडणारा टीव्ही मात्र दुकानात दोन दिवस उत्तम चालतो, गिऱ्हाईकाकडे पोचला की तासाभरात पुन्हा रडतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘तुम्ही काहीच केलं नाहीत.’ आणि त्याचंही खरं असतं, कारण जोवर बिघाड दिसत नाही तोवर करणार काय?

आता आपला चाळीचा टीव्ही. नवीन बिऱ्हाडांसाठी सांगतो. ही इमारत उभी राहण्याआधी इथे गिरगावातली आपली चाळ होती, आणि चाळीने १९७९च्या गणपतीत वर्गणी काढून एक टीव्ही घेतला होता. वीस इंची, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी कपाटातला, पुढे सरकत्या झडपा आणि झडपांना कुलूप. कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते काका आता नाहीत. काकू आहेत, इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. त्या वेळचे बहुतेक सगळे सेट आतून एकमेकांचे चुलत भाऊच होते.

चाळ पाडताना तो टीव्ही कोणीतरी ट्रान्झिट कॅम्पात नेला, तिथून तो परत आला आणि पंचवीस वर्षं आपल्या पंपरूमच्या माळ्यावर पडून राहिला. यंदा प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू गोळा करताना तो खाली काढला. कमिटीच्या सभेत ठराव झाला, मिनिटबुकात आहे: महिन्याभरात चालू झाला तर प्रदर्शनात ठेवायचा, नाहीतर भंगारात. ‘नुसतं खोकं ठेवून काय उपयोग’ असं दोन सभासद म्हणाले. त्यांचं चुकीचं होतं असं नाही. पण काकू त्या सभेला आल्या होत्या आणि काही न बोलता उठून गेल्या. मग मी महिना मागून घेतला.

पहिली गोष्ट, जी मी आज शंभरदा सांगेन. इतकी वर्षं बंद असलेला सेट सरळ प्लगमध्ये घालायचा नाही. ‘बघू तरी चालतोय का’ या एका वाक्याने जेवढे सेट मेले तेवढे विजेच्या लपंडावाने मेले नसतील. आतले मोठे कंडेन्सर इतक्या वर्षांत सुकलेले असतात. एकदम पूर्ण दाब मिळाला की ते फुटतात, आणि जाताना ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. म्हणून आधी मागचं झाकण काढून साफसफाई. एक मेलेली पाल आणि झुरळांचे तीन संसार निघाले. मग सिरीज बल्ब. म्हणजे टीव्ही आणि घरची वीज यांच्या मध्ये दोनशे वॅटचा बल्ब जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि टीव्ही वाचतो. आपला बल्ब आधी लख्ख झाला आणि मग हळूहळू मंद झाला. तेव्हा मी चहा मागवला.

हा सेट त्या वेळी ज्याला ‘हायब्रिड’ म्हणत त्यातला. अर्धे ट्रान्झिस्टर, अर्धे व्हॉल्व्ह. जिथे ताकद लागते तिथे व्हॉल्व्ह. पीएल ५०४, पीवाय ८८, पीसीएल ८०५ ही नावं आम्हाला मामा-काकांसारखी पाठ. या सगळ्यांच्या आतल्या तारा दिवाळीच्या तोरणासारख्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एक गेला की सगळे विझतात. आपले सगळे पेटले. एक-दीड मिनिटाने पडद्यावर उजेड आला आणि मुंग्या दिसल्या. त्या रात्री पंपरूमसमोर किती माणसं जमली होती हे तुम्ही बघितलंच आहे. काहींनी तर चटया आणल्या होत्या.

मुंग्याच दिसणार, कारण दाखवायला काही नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि वरळीच्या मनोऱ्यावरून जे यायचं ते आपल्या गच्चीवरच्या अँटेनाने पकडायचं, ही सोय आता संपली. आज सेट-टॉप बॉक्समधून चित्र घ्यायचं, ते मॉड्युलेटर नावाच्या डबीतून जुन्या पद्धतीच्या लहरीत बदलायचं आणि अँटेनाच्या जागी द्यायचं. इथे एक मजा आहे. डबी जोडल्यावर चित्र आलं, पण तिरपं फाटलेलं आणि वर-खाली पळणारं. सगळे म्हणाले, टीव्ही खराब. टीव्ही खराब नव्हता. डबीचा जोर फार होता. जुना सेट लांबून येणाऱ्या अशक्त लहरीसाठी केलेला. त्याच्या कानात कोणी कर्णा लावला तर तो गांगरणारच. मध्ये जोर कमी करणारा एक छोटा तुकडा घातला आणि चित्र शांत उभं राहिलं. म्हणून नियम असा की सेट उघडण्याआधी सेटच्या बाहेरचं सगळं तपासा. पूर्वी निम्म्या तक्रारी अशाच सुटायच्या. खारी हवा, अँटेनाच्या स्क्रूला गंज, चपटी वायर वाऱ्याने पत्र्यावर आपटतेय, कावळ्यांनी दांडी वाकवलीय. वारा आला की चित्र जातं आणि वारा पडला की येतं, अशी तक्रार असली की मी हत्याराची पेटी खालीच ठेवून गच्चीवर जायचो.

आता टीव्हीतलं चित्र होतं कसं हे दोन मिनिटांत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पिक्चर ट्यूबच्या मागच्या मानेतून इलेक्ट्रॉनचा एक बारीक झोत येतो आणि पडद्यावर आदळला की ठिपका चमकतो. एकच ठिपका. बाकी सगळं त्याला पळवण्याचं काम. आपल्याकडच्या पद्धतीत चित्रात ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. मुलांनो, गुणाकार करा. १५,६२५. म्हणजे ठिपका सेकंदाला १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे धावतो. आणि त्याच वेळी तो सेकंदाला ५० वेळा वरून खाली येतो, कारण एक चित्र दोन हप्त्यांत रंगवतात, आधी एक सोडून एक रेषा, मग उरलेल्या. आडवं पळवणारी यंत्रणा वेगळी, उभं पळवणारी वेगळी. हे एकदा लक्षात आलं की पडदा स्वतःच सांगतो दुखणं कुठे आहे.

उभी यंत्रणा थांबली तर ठिपका फक्त आडवा धावेल आणि पडद्याच्या मधोमध एक लख्ख पांढरी रेघ दिसेल. आवाज मात्र चालू. चित्र वर-खाली पळत असेल तर उभी यंत्रणा चालू आहे पण तिचा ताल सुटलाय. तिरप्या पट्ट्या झाल्या तर आडवीचा ताल सुटलाय. दोन्ही एकदम सुटले तर ताल धरायला लावणारा भाग बिघडला, किंवा आता सांगितलं तसा जोर जास्त. आवाज आहे पण पडदा काळा, तर बहुतेक वेळा आडव्या यंत्रणेकडे बघायचं, कारण पिक्चर ट्यूबला लागणारे पंधरा ते अठरा हजार व्होल्ट तिथेच तयार होतात. मुंग्या आहेत पण चित्रही नाही, आवाजही नाही, तर ट्यूनर किंवा अँटेना. चित्र चारही बाजूंनी आक्रसलं तर वीजपुरवठा कमी पडतोय. एक जाड काळपट पट्टा सावकाश वर सरकत असेल तर वीज गाळणारा कंडेन्सर थकला.

आडवी यंत्रणा चालू असली की एक बारीक शिट्टी वाजते, त्या १५,६२५च्या तालाची. तरुण कानांना ती ऐकू येते, माझ्या वयाच्या कानांना नाही. पूर्वी मी दुकानाच्या दारातूनच सांगायचो की आत टीव्ही चालू आहे. आता मला नातवाला विचारावं लागतं, ‘वाजतंय का रे?’ तो कानावर हात ठेवून म्हणाला, ‘आबा, केव्हाचं वाजतंय.’ म्हणजे त्या बाजूची काळजी मिटली. फुकटचं मीटर.

तर चित्र उभं राहिलं, लोक खूश झाले आणि बरोबर बावीस मिनिटांनी चित्र मिटलं. मधोमध पांढरी रेघ. आवाज सुरूच. कोणीतरी पुढे होऊन कपाटावर थापड मारली. चित्र परत आलं आणि टाळ्या पडल्या.

या थापडेबद्दल बोलायलाच हवं. थापडेने टीव्ही चालतो हे खरं आहे, ती अंधश्रद्धा नाही. आत कुठेतरी तडकलेला जोड असतो, हादऱ्याने त्याची दोन टोकं पुन्हा टेकतात. पण प्रत्येक थापडेने ती तडा थोडी वाढते आणि दुसऱ्या दोन जोडांना नवी तडा जाते. व्हॉल्व्हच्या आतले केसासारखे भाग हलतात ते वेगळंच. म्हणजे आज एका थापडेत चालणारा टीव्ही दिवाळीला तीन थापडा मागतो. शिवाय चांगली खूण पुसली जाते. रेघ आली तेव्हाच मला मीटर लावायचं होतं, तेवढ्यात चित्र परत! मी त्या सद्गृहस्थांना हात जोडले. आधी ब्राइटनेस खाली घेतला आणि मग बोललो. कारण अशी रेघ तेजीत राहिली तर काही मिनिटांत ती पडद्याच्या रसायनात कायमची जळते, मग टीव्ही दुरुस्त होऊनही कपाळावर ती रेघ राहते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पद्धतीने लागलो. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि ए विंगमधली अकरावीतली एक मुलगी. तिची अट होती की तिला सगळं समजावून सांगायचं. माझी अट होती की तिने दोन्ही हात पाठीमागे ठेवून उभं राहायचं, वही लिहायची आणि आत बोट घालायचं नाही. तिच्या वहीत तारीख, चालू केल्याची वेळ, घरचं व्होल्टेज, झाकण लावलेलं की काढलेलं, चित्र मिटल्याची वेळ, आणि मिटण्याआधी काही वेगळं दिसलं का, असे रकाने. मला पूर्वी असा मदतनीस मिळाला असता तर निम्मी वर्षं वाचली असती.

अकरा नोंदी झाल्यावर तिने मला दाखवलं. झाकण लावलेलं असताना वीस ते पंचवीस मिनिटांत चित्र मिटतं. झाकण काढलेलं असताना चाळीसच्या पुढे. आणि एकदा पंपरूमचा पंखा टीव्हीकडे वळवला होता, तेव्हा दोन तास मिटलंच नाही. व्होल्टेज वर-खाली झालं त्याचा काही संबंध नाही. म्हणजे गरमी. मेकॅनिकच्या टेबलावर सेट चांगला आणि गिऱ्हाईकाकडे वाईट, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. मेकॅनिक मागचं झाकण काढून बसतो आणि डोक्यावर पंखा असतो! म्हणून अशा सेटला आम्ही उलट वागवायचो. मागून चादर टाकायची आणि बिघडायची वाट बघायची. चादर टाकून मात्र कुणी घरी प्रयोग करू नये, आणि सेट सोडून तर मुळीच जाऊ नये.

रेघ म्हणजे उभी यंत्रणा; उभी यंत्रणा म्हणजे या सेटमध्ये पीसीएल ८०५. दिवे बंद केले. एक सुकी लाकडी काडी घेतली, आईस्क्रीमची लांब काडी उत्तम, आणि चित्र मिटलेलं असताना त्या भागात हलकेच टेकवत गेलो. ठोकायचं नाही, टेकवायचं. ठोकलं तर सगळी पट्टी हादरते आणि कुठेही ठोका, चित्र येतं. मग कळत काहीच नाही. व्हॉल्व्हच्या सॉकेटच्या एका पायाशी काडी टेकली की चित्र उघडायचं, काडी उचलली की मिटायचं. सेट बंद करून, वेळ देऊन, भिंग लावून बघितलं तर त्या पायाच्या डाखेभोवती केसाएवढी गोल चीर. याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. व्हॉल्व्ह तापतो, पाय वाढतो. थंड होतो, आक्रसतो. रोज संध्याकाळी हेच. दहा वर्षांत डाख थकणारच. जुना डाख खरवडून काढला, पाय घासून नवा डाख दिला, आणि शेजारच्या आठही पायांना दिला. एकाला चीर गेली म्हणजे बाकीचे रांगेत उभे असतातच.

दोन दिवस टीव्ही छान चालला. कमिटीला कळवायचं का, असं मुलीने विचारलं. मी म्हटलं, थांब. डाख तापून थकला हे ठीक. पण तो व्हॉल्व्ह इतका का तापावा? हात जवळ नेला तरी चटका जाणवत होता. पीसीएल ८०५ तापतोच, पण त्यालाही मर्यादा आहे.

त्याच संध्याकाळी काकू आल्या. खुर्ची टाकून अर्धा तास बघत बसल्या. मग म्हणाल्या, ‘आता खालून दुमडेल बघा.’ मी विचारलं, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, रविवारचा हिंदी सिनेमा अर्ध्यावर आला की चित्राची खालची कड दुमडल्यासारखी व्हायची, माणसांचे पाय आखूड दिसायचे. म्हणून मध्ये बातम्या लागल्या की हे टीव्ही बंद करायचे. लोक ओरडायचे की बातम्या बघू द्या. हे म्हणायचे, ‘त्याला जरा विसावा घेऊ दे.’ आणि मग उरलेला सिनेमा नीट जायचा.

काकांना इलेक्ट्रॉनिक्स येत नव्हतं, ते गिरणीत होते. पण त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आणि काकूंच्या त्या एका वाक्याने माझं आठवड्याचं काम वाचलं. खरंच पाचेक मिनिटांत खालची कड वळायला लागली. डाखेच्या बिघाडात चित्र एकदम जायचं म्हणून हे हळूहळू होणारं आम्हाला आधी दिसलंच नव्हतं. चित्र तिथपर्यंत पोचायच्या आतच मिटायचं.

खालची कड दुमडते आणि व्हॉल्व्ह जास्त तापतो, या दोन गोष्टी एकत्र आल्या की संशयित एकच. व्हॉल्व्हच्या पहिल्या अर्ध्या भागातून दुसऱ्या अर्ध्याकडे जाताना मध्ये एक छोटा कंडेन्सर असतो. त्याचं काम फाटकावरच्या रखवालदाराचं. हलणारा सिग्नल आत सोडायचा आणि पलीकडचे स्थिर व्होल्ट अडवायचे. जुना झाला की तो झिरपतो. थंड असताना अडवतो, गरम झाला की थोडे थोडे व्होल्ट सोडतो. ते दुसऱ्या भागाच्या ग्रिडवर गेले की व्हॉल्व्हला वाटतं, अजून जोर लाव. तो जास्त प्रवाह ओढतो, जास्त तापतो, त्याच्या गरमीने कंडेन्सर आणखी झिरपतो. असं ते चक्र. आणि त्या जादा गरमीनेच सॉकेटचा डाख तडकला होता. नुसता डाख देऊन टीव्ही परत केला असता तर वर्षभरात तो पुन्हा तडकला असता.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मीटर ग्रिडला जोडून ठेवलं आणि सेट चालू केला. तिथे शून्याच्या आसपास किंवा त्याच्या खाली असायला हवं. सुरुवातीला तसंच होतं. मुलगी दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत होती. पंधराव्या मिनिटाला एक व्होल्ट. विसाव्याला तीन. तिसाव्याला सात, आणि पडद्यावर निवेदिकेची हनुवटी गळ्यात दुमडलेली. तो कंडेन्सर काढून साध्या मीटरने तपासला तर उत्तम! कारण मीटरच्या आत नऊ व्होल्टची बॅटरी आणि सेटमध्ये त्याच्यावर दोनशेचा दाब. नऊ व्होल्टला सगळेच प्रामाणिक असतात. म्हणून अशी वस्तू जागेवर, गरम असताना, पूर्ण दाबाखालीच तपासायची.

लॅमिंग्टन रोडला जाऊन नवा कंडेन्सर आणला. किंमत एका वडापावाची. जुना चारशे व्होल्टचा होता, मी सहाशे तीसचा घातला. त्याच्याबरोबर त्या भागातला सुकलेला आणखी एक कंडेन्सर बदलला आणि व्हॉल्व्ह मात्र तोच ठेवला. आता झाकण लावून, पंखा बंद ठेवून सेट सलग तीन तास चालवला आहे, चार वेळा. तिच्या वहीत ‘मिटल्याची वेळ’ या रकान्यात चार आडव्या रेघा आहेत.

बाकी बिघाडांबद्दल थोडक्यात. चॅनेलचा नॉब जरा दाबून धरला की चित्र येतं, सोडला की जातं. हे ट्यूनरचे चांदीचे टिकले काळे पडल्याचं लक्षण. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुसायचे, पॉलिश पेपर लावायचा नाही, चांदीचा थर निघून जातो. पावसाळ्यात आतून फस्स् असा आवाज, निळसर ठिणगी आणि एक विचित्र वास येतो, तो ओलसर धुळीवरून उच्च दाब निसटल्याचा. आधी सेट बंद करायचा, कोरडा करून धूळ पुसून घ्यायची. ब्राइटनेस वाढवला की चित्र फुग्यासारखं मोठं आणि अंधुक होतं, तर उच्च दाब दमलाय, बहुधा व्हॉल्व्ह म्हातारा. आणि पिक्चर ट्यूबच थकली असेल तर तिला काही उपाय नाही. कोणी बूस्ट करून देतो म्हणाला तर ते चार दिवसांचं तारुण्य समजा.

आता गंभीर बोलतो, कारण मागच्या महिन्यात दोन घरांतल्या मुलांनी मला विचारलं की आजोबांचा टीव्ही उघडून बघू का, मोबाइलवर सगळं दाखवतात. त्यांना मी नाही म्हटलं आणि का ते सगळ्यांसमोर सांगतो. या जुन्या सेटमध्ये घरची एक वायर थेट आतल्या लोखंडी चासीला जोडलेली असते. प्लग दोन पिनांचा. एका बाजूने घातला तर चासी थंड, उलटा घातला तर चासीवर घरची पूर्ण वीज. बाहेरून काही कळत नाही. नॉब प्लॅस्टिकचे असतात म्हणून आपण वाचतो. नॉब पडला आणि कोणी पकडीने आतली दांडी फिरवली की हातात २३० व्होल्ट. मी आपल्या सेटला मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला आहे, तो प्रदर्शनानंतरही काढायचा नाही. दुसरं, पिक्चर ट्यूब सेट बंद केल्यावरही हजारो व्होल्ट साठवून ठेवते, प्लग काढून भिंतीला उभा केला तरी. आणि तिसरं, ट्यूबच्या आत हवा नसते. मान तुटली किंवा काच फुटली तर ती आत कोसळते आणि मग काचा बाहेर उडतात. भंगारवाला तांब्यासाठी ती मागची मान पहिली तोडतो, आपल्याच गेटसमोर. त्या काचेत शिसं असतं. तेव्हा टाकायचाच असेल तर अख्खा, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे.

कमिटीला विनंती अशी. प्रदर्शन तीन दिवसांचं आहे. टीव्ही रोज संध्याकाळी सात ते नऊ चालवू, मधली दहा मिनिटं बंद. आता त्याची गरज नाही, पण काकूंनी किल्ली आणून दिली आहे आणि विसावा द्यायचं काम त्याच करणार आहेत. मुलांनी झडपांच्या पुढे दोन फूट दोरी बांधली आहे, ती ओलांडू नये. कपाटाला कोणी थापड मारू नये, मारायची हौस असेल त्यांनी गच्चीवरच्या टाकीला मारावी.

आणि ज्यांच्या माळ्यावर असा सेट अजून आहे, त्यांनी प्लगमध्ये घालण्याआधी मला सांगा. पीसीएल ८०५ कोणाकडे डब्यात पडला असेल तर तोही हवा आहे, जपून ठेवायला. सी विंग, दुसरा मजला. दुपारी दोन ते चार सोडून कधीही या.